पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांच्या वाटेवर जाताना : तयारी परतीपासून सुरू करा

दर जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी-शनिवारी रात्री उशिरा पुण्या-मुंबईहून गाड्या निघतात. पहाटे गावात पोचतात. न झोपलेली माणसं पोहे-चहा घेऊन नऊ-साडेनऊला चढायला लागतात, धबधब्यापाशी दोन तास रमतात आणि दुपारी तीनला कुणाच्या तरी लक्षात येतं की सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा आता मांडीपर्यंत आला आहे. पुढे जे होतं ते आपण सोमवारी वाचतो.

या लोकांना माहिती नसते असं नाही. बहुतेकांना ती असते, पण ती वापरण्याचा क्रम उलटा असतो. आधी धबधबा ठरतो, मग गाडी, मग निघायची वेळ. परतीचा विचार परतताना होतो. या लेखात सगळी तयारी परतीच्या वाटेपासून मागे मोजत आणली आहे.

उदाहरणासाठी एकच वाट घेतो : अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट. चढ फार अवघड नाही, वाटेच्या अंगावरच धबधबे कोसळतात आणि वरच्या भागात मंगळगंगेचा प्रवाह ओलांडावा लागतो. नेमक्या याच तीन कारणांनी इथे चुका जास्त होतात. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना किंवा गोव्यातलं मोले, कुठेही जायचं असलं तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १ : आपल्या गटाला झेपेल अशी वाट निवडा

गटातला सगळ्यांत हळू चालणारा माणूस कोण, हे आधी ठरवा. वाट त्याच्या हिशेबाने निवडायची, सगळ्यांत तयारीच्या माणसाच्या हिशेबाने नाही.

आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर भंडारदऱ्याच्या बाजूला राहा. रंधा धबधबा कठड्यामागून नीट दिसतो, रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आहे आणि रस्त्याकडेचे धबधबे तर मोजता येणार नाहीत इतके. त्यात कमीपणा काही नाही. खरं सांगायचं तर भर पावसात गडावर नुसतं धुकं असतं आणि पाण्याचं वैभव खालीच जास्त दिसतं.

रोज चालण्याची सवय असलेल्यांनी पाचनईची वाट घ्यावी. पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट बरीच लांब आहे. खिंडीच्या वर धुक्यात ती चुकतेही लवकर. पावसाळ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ती सोडावी. बेलपाड्याकडून चढणारी नळीची वाट पावसाळ्यात कुणासाठीच नाही. नळी ही पाणी उतरायचीच जागा आहे. साम्रदच्या सांदण दरीचंही तेच. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे निमुळती फट. पाऊस पडला की त्या फटीत पाणी शिरतं, आणि आपल्याला बाजूला सरकायला जागाच उरत नाही.

तपासा : गटातले सगळे सलग सहा तास चालू शकतात का? दोन आठवडे आधी पर्वती, सिंहगड, कान्हेरीचा डोंगर अशा जवळच्या चढावर पावसात एकदा सगळ्यांनी मिळून चालून बघा. कोण कुठे थकतं आणि कुणाचे बूट घसरतात ते तिथेच कळतं.

## टप्पा २ : बंदी आणि परवानगी यांची चौकशी करा

अभयारण्य हे पर्यटनस्थळ म्हणून राखलेलं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि पर्यटन हे ती मिळण्याच्या कारणांपैकी एक आहे. आपल्यासाठी व्यवहारात याचा अर्थ वनविभागाच्या नाक्यावरची नोंद आणि शुल्काची पावती इतकाच असतो. पण ती परवानगी काढूनही घेता येते, हे विसरू नका.

पावसाळ्यात दुसरा एक आदेश येतो, तो जिल्हा प्रशासनाचा. धबधबे, धरणं, गडकिल्ले यांच्या परिसरात जमावबंदी किंवा प्रवेशबंदी लावली जाते. पूर्वी अशा आदेशावर कलम १४४ लिहिलेलं असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर तिथे कलम १६३ दिसतं. आदेश ठरावीक दिवसांपुरता असतो आणि अतिवृष्टीचा इशारा आला की अचानकही निघतो. म्हणून 'मागच्याच आठवड्यात आमचा मित्र जाऊन आला' या माहितीला काही किंमत नाही.

चौकशी दोनदा करा : निघण्याच्या दोन दिवस आधी आणि निघण्याच्या दिवशी. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. त्याहून भरवशाचा माणूस म्हणजे ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार आहात ते गावकरी. आदेश गावात सगळ्यांत आधी पोचतो.

सावधान : बंदी असताना 'दुसऱ्या बाजूने एक वाट आहे' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्या वाटेवर नोंद होत नाही, म्हणजे रात्री तुम्ही परतला नाहीत तरी शोधायला कुणी निघत नाही.

## टप्पा ३ : पाऊस वाचायला शिका

इथे चूक होते ती जिल्ह्याचा अंदाज पाहण्याची. अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेचा. शहरात ऊन पडलेलं असतं त्याच वेळी घाटघरला, म्हणजे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एका गावात, पाऊस ओतत असतो. जिल्ह्याच्या नावावर हिरवा रंग दिसला म्हणून गडावर जाणं म्हणजे चुकीच्या गावाचा अंदाज पाहून निघणं. हवामान विभाग नाशिक आणि पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो. तो पाहा, आणि सोबत ठाणे जिल्ह्याचाही पाहा, कारण कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याच्या, खाली तोच आहे.

शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति जोरदार' आणि त्यापुढे 'अत्यंत जोरदार'. माझा नियम साधा आहे. घाटमाथ्याला नारंगी किंवा लाल इशारा असेल तर जायचं नाही. पिवळा असेल तर ओढा ओलांडावा लागणाऱ्या वाटेवर जायचं नाही, खालचे धबधबे बघायचे.

एक गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात : आधीच्या तीन दिवसांचा पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर कातळावर मातीचा थर पातळ असतो. तो एकदा पाणी पिऊन तुडुंब झाला की नंतरची प्रत्येक सर थेट ओढ्यात उतरते. चार दिवसांच्या संततधारेनंतरची अर्ध्या तासाची सर ही उघडिपीनंतरच्या तीन तासांच्या पावसापेक्षा ओढा जास्त फुगवू शकते.

विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनवर घेऊन ठेवा. विजांचा धोका जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त असतो, मधल्या संततधारेत कमी.

मला विचाराल तर ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हे खरे दिवस. धबधबे वाहते असतात, मधूनमधून उघडीप मिळते, धुकं फाटून दरी दिसते आणि पठारावर सोनकी फुलायला लागलेली असते. जुलैचा हट्ट सोडला तर निम्मा धोका तिथेच टळतो.

## टप्पा ४ : वेळापत्रक शेवटाकडून लिहा

कागद घ्या आणि सगळ्यांत खालच्या ओळीपासून सुरुवात करा.

ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, पण धुकं आणि झाडी यांमुळे वाटेवर तासभर आधीच अंधारतं. म्हणजे सहाला अंधार धरा. त्याच्या आधी दोन तास राखून ठेवायचे, ते मुरगळलेल्या पायासाठी आणि फुगलेल्या ओढ्यासाठी. म्हणजे पाचनईत पोचायचं दुपारी चारला. उतरायला अडीच तास, तेव्हा गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापासून निघायचं दीडला. त्याआधी जेवण. त्याआधी कोकणकडा. मंदिरापासून तिथे चालत तीस-चाळीस मिनिटं आणि परत तेवढीच, वर अर्धा तास थांबणं. म्हणजे मंदिरापाशी पोचायला हवं साडेदहाला. पावसात गटाने चढायला तीन तास धरा. निघायची वेळ आली सकाळी साडेसात.

हे गणित मांडलं की आपोआप कळतं, की शहरातून रात्री निघून हे नीट होत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी उजेडात पाचनईत पोचा, गावात मुक्काम करा, झोपा. राजूरच्या पुढचा रस्ता पावसात आणि धुक्यात रात्री चालवण्यासारखा नाही, हे वेगळंच.

आता या कागदावर एका वेळेखाली रेघ मारा : दीड वाजता, जिथे असाल तिथून मागे फिरायचं. कोकणकडा राहिला असेल तरी. मंदिर समोर दिसत असेल तरी. ही वेळ घरीच ठरवायची आणि ती पाळणारा एक माणूस नेमायचा. वर गेल्यावर 'अजून दहा मिनिटं' म्हणणाऱ्यांचंच बहुमत असतं.

तपासा : हा कागद घरी थांबलेल्या एका माणसाला पाठवला का? त्यात वाटेचं नाव, नाक्याचं गाव, सोबतच्या सगळ्यांची नावं आणि 'रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव' ही ओळ हवी.

## टप्पा ५ : सॅक भरताना

यादी लांबवत नाही, चुकणाऱ्या गोष्टीच सांगतो.

कोरडा कपड्यांचा एक जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, सॅकच्या तळाशी. हा गाडीत ठेवायचा नाही, वर न्यायचा. कोकणकड्यावरच्या वाऱ्यात भिजलेला माणूस किती लवकर गारठतो याची कल्पना खाली येत नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर गारठ्याने माणसं दगावली आहेत, तीही तरुण.

जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही, गुडघा वाकू देत नाही. छत्री नको, वारा तिला टिकू देत नाही. पायघोळ रेनकोट किंवा पोंचो उतरताना पावलं दिसू देत नाही, त्यामुळे कमरेपर्यंतचं जाकीट बरं. बुटांचे तळवे मऊ रबराचे, खोल नक्षीचे हवेत. घासून गुळगुळीत झालेले महागडे बूट नव्या स्वस्त बुटांपेक्षा वाईट.

प्रत्येकाकडे स्वतंत्र टॉर्च, शक्यतो डोक्याला लावायचा. फोनचा दिवा मोजायचा नाही, कारण तो फोन संध्याकाळी तुम्हाला बोलायलाही लागणार आहे. शिट्टी एक. खांद्याएवढी काठी प्रत्येकी एक, गावातही मिळते. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, दशम्या. पाणी दोन लिटर, कारण भिजत असताना तहान जाणवत नाही, पण अंगातलं पाणी कमी होतच असतं. आंबोली किंवा कोयनेकडे जाणार असाल तर जळवांसाठी मिठाची पुरचुंडी.

दोराबद्दल सांगायलाच हवं. बाजारातून वीस मीटर दोरी आणून सॅकला अडकवली की गटाला उगाच धीर येतो. वापरायचं शिक्षण नसेल तर दोरी नेऊच नका. ओढ्यात कमरेला दोरी बांधलेला माणूस पडला की प्रवाह त्याला दोरीच्या टोकावर पाण्याखाली दाबून धरतो, आणि काठावरचे लोक त्याला वाचवतोय या समजुतीत ओढून धरतात आणि बुडवतात.

## टप्पा ६ : नाक्यावर आणि गावात

नोंदवहीत खरी नावं आणि चालू असलेला फोन क्रमांक लिहा. दहा जण असताना 'आणि इतर' लिहू नका. पावती जपून ठेवा. मुक्काम, तंबू, ड्रोन यांचे नियम इथेच विचारा. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. अभयारण्यात कचरा टाकणं आणि प्राण्यांना छेडणं याला कलम २७ खाली मनाई आहे, आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवण्याला कलम ३० खाली. म्हणजे चूल पेटवायची हौस घरी ठेवून या.

मग वाटाड्या. पाचनईची वाट 'सोपी आहे, दिसतेच' असं सगळे म्हणतात, आणि ऑक्टोबरात ते खरंही आहे. पावसाळ्यात धुक्यात वीस पावलांवरचं दिसत नाही. गावातला माणूस सोबत घ्या आणि पैसे आधी मोकळेपणाने ठरवा. घासाघीस करू नका. हा भाग महादेव कोळी, ठाकर समाजाचा. इथल्या माणसाला हा डोंगर भातखाचरांपासून माथ्यापर्यंत पाठ आहे.

निघण्यापूर्वी त्याला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला तीन प्रश्न विचारा :

'मामा, रात्री वर पाऊस किती झाला?'
'वरचा ओढा काल दुपारी कुठवर होता?'
'तुम्ही आज गेला असता का?'

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं नाही, मामा डोंगराकडे बघत थांबले, तर ते उत्तर 'नाही' असं समजा. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं गावात जड जातं.

सावधान : गाडी ओढ्याच्या काठी किंवा पुलाच्या कडेला लावू नका. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवायला लागतं, दोन फूट पाणी मोठीलाही नेतं.

## टप्पा ७ : चढताना

वाटाड्या पुढे, गटातला सगळ्यांत अनुभवी माणूस शेवटी. बाकीचे मधे, आणि हळू चालणारा वाटाड्याच्या लगेच मागे. बहुतेक गट हळू चालणाऱ्याला मागे टाकतात. मग तो पोचेपर्यंत इतरांची विश्रांती झालेली असते आणि तो आला की सगळे उठतात. त्याला विश्रांती मिळतच नाही. त्याला पुढे ठेवलं की गट आपोआप त्याच्या चालीने चालतो आणि तुटत नाही.

पाचनईच्या वाटेचा एक भाग कातळकड्याच्या पोटातून आडवा जातो. वरून पाण्याच्या धारा वाटेवरच पडतात. भिजायला सगळे तिथेच थांबतात, आणि थांबू नये अशी जागाही तीच. पाण्याबरोबर वरून दगड येतात, मुठीएवढा दगडही त्या उंचीवरून डोकं फोडतो. डोंगराच्या अंगाने, एकेकाने, न थांबता पुढे सरका. फोटो पुढे मोकळ्या जागी पोचल्यावर काढा.

पाऊल ठेवताना रंग बघा. काळा, चकचकीत, कोरडा वाटणारा कातळ सगळ्यांत निसरडा. खरबरीत, खाचाखोचांचा दगड किंवा गवताचं मूळ जास्त भरवशाचं. जिथे लोखंडी रेलिंग आहे तिथे हात लावा, भार टाकू नका. दरड आली की पायाजवळचे गज सुटतात आणि वरून तसं दिसत नाही.

आधारासाठी झुडूप धरण्यापूर्वी ते बघा. चापडा हा हिरवा विषारी साप पावसाळ्यात हाताच्या उंचीवरच्या फांदीवर निवांत बसलेला असतो. पानांत तो सहज दिसत नाही, आणि आपण होऊन अंगावरही येत नाही. हात त्याच्यावर पडला तरच चावतो.

पठारावर आल्यावर खरा चकवा सुरू होतो : ढोरवाटा. गुरांच्या पायवाटा माणसाच्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात, पण त्या चाऱ्याकडे जातात, मंदिराकडे नाही. दगडावर रंगवलेला बाण किंवा रचलेले दगड दहा मिनिटांत दिसले नाहीत तर थांबा आणि शेवटची खूण दिसली होती तिथे सगळ्यांनी मिळून परत जा. 'तुम्ही थांबा, मी पुढे बघून येतो' हे वाक्य धुक्यात कुणाच्याही तोंडून येता कामा नये.

## टप्पा ८ : ओढा

हा टप्पा दोनदा वाचा.

पहिल्या ओढ्याशी पोचलात की ओलांडण्याआधी एक काम करा. काठावर, पाणी नेमकं जिथे टेकतंय तिथे, एक ठळक दगड ठेवा आणि त्याचा वेळेसकट फोटो काढा. परतताना तो दगड कुठे आहे यावर सगळं कळतं. सकाळचं पाणी किती होतं हे दुपारी कुणालाच नीट आठवत नाही, आणि ज्याला आठवतं त्याला नेहमी कमीच आठवतं.

ओलांडायचं की नाही ते असं ठरवा. पाणी गुडघ्याच्या खाली, वेग कमी आणि तळ दिसतोय, तर चालेल. गुडघ्याच्या वर, किंवा गढूळ असल्याने तळ दिसत नाही, तर नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून तेवढीच खोली असूनही सकाळचा ओढा आणि दुपारचा ओढा वेगळा असतो. वेगाचं पाणी नुसतं वीतभर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं.

मग खालच्या बाजूला बघा. तुम्ही पडलात तर पाणी तुम्हाला कुठे नेईल? पुढे उथळ पसरट जागा असेल तर ठीक. पंचवीस पावलांवर ओढा कड्यावरून खाली पडत असेल, तर घोटाभर पाण्यातूनही जाऊ नका. वरून देखण्या धबधब्याच्या तोंडाशी ओढा ओलांडणं ही सह्याद्रीतली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

ओलांडायचं ठरलं तर :

१. अरुंद जागा नको, रुंद जागा शोधा. अरुंद ठिकाणी पाणी खोल आणि वेगवान असतं. रुंद जागी ते पसरतं आणि उथळ होतं. उडी मारून जाण्याचा मोह इथेच होतो, आणि समोरचा दगड शेवाळलेला असतो.

२. बूट घालूनच पाण्यात उतरा. अनवाणी पायाला दगड टोचला की माणूस झटकन पाय उचलतो आणि तोल जातो.

३. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर सॅक निघून जाऊ दे, तुम्हाला घेऊन जायला नको.

४. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, काठी पुढे रोवलेली, थोडं पुढे झुकून, आडवी पावलं टाका. काठी आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवा.

५. दुबळ्या माणसाला दोघांनी मधे घ्या. तिघांनी एकमेकांच्या खांद्यांना घट्ट धरून, एकत्र सरका.

हात धरून लांबच लांब साखळी करणं बंद करा. सगळे तेच करतात आणि ते चुकीचं आहे. साखळीत प्रत्येक जण एकटाच पाण्याचा मार खातो. एकाचा पाय सुटला की तो शेजारच्या दोघांना ओढतो, आणि हात सोडायचा की नाही हे ठरेपर्यंत चौथाही गेलेला असतो.

आणि ओढा ओलांडण्यासारखा नसेल तर थांबा. ही गोष्ट इतकी सोपी आहे की तिच्यावर विश्वास बसत नाही. डोंगरातला लहान ओढा जसा पटकन चढतो तसा पाऊस थांबल्यावर पटकन उतरतो, बऱ्याचदा दोन-तीन तासांत. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण परतताना असेच अडकलो. सकाळी ठेवलेला दगड पाण्याखाली हातभर गेला होता. समोरच्या काठावर उभा असलेला दुसरा एक गट 'या, काही होत नाही' म्हणून हात करत होता आणि आमच्यातल्या दोघांना सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. आमचा वाटाड्या काही बोललाच नाही. शांतपणे एका कपारीखाली जाऊन बसला आणि त्याने तंबाखू मळायला घेतली. आम्हीही बसलो. कोरडे कपडे चढवले, गूळ-शेंगदाणे खाल्ले. अडीच तासांनी दगडाचा माथा दिसला, आणखी अर्ध्या तासाने त्याचा पाया. अंधारात टॉर्च लावून उतरलो. टप्पा ४ मधले ते राखीव दोन तास आणि प्रत्येकाचा स्वतंत्र टॉर्च हे दोन नियम त्या दिवसापासूनचे.

तपासा : थांबताना ओढ्याच्या पात्रात नाही, काठावरच्या उंच जागी थांबलात ना? झाडाखाली विजेचा धोका आणि कड्याखाली दगडाचा, हे दोन्ही बघितलंत ना?

## टप्पा ९ : धबधब्यापाशी

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात मुलंही होती. ती सगळी प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती आणि पाणी वाढत होतं. ती जागा दरीतली नव्हती, शेकडो लोक जिथे रोज जातात अशी होती. गर्दी आहे म्हणजे जागा सुरक्षित आहे, हा हिशेब मनातून काढून टाका.

पाणी वाढण्याआधी ओढा सांगतो. स्वच्छ पाणी अचानक मातकट होतं. पालापाचोळा, काटक्या वाहत येतात. आवाज जाड होतो. कधी दगड एकमेकांवर आपटल्याची धडधड येते. यातलं एकही दिसलं तर फोटो, चपला, सॅक काही न बघता पात्राबाहेर या. काठाने खाली पळायचं नाही. बाजूला आणि वर चढायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर माथ्यावर पाऊस असू शकतो, म्हणून आकाशाकडे बघून निर्णय घेऊ नका.

धबधब्याच्या धारेखाली उभं राहू नका. पायथ्याच्या डोहात उतरू नका, पोहता येत असलं तरी. पडणारं पाणी डोहात फिरून पुन्हा धारेखाली येतं आणि माणसाला तिथेच गोल फिरवत ठेवतं. खालचे कातळ आतून पोखरलेले असतात. मुलांचा हात धरून काठापासून दूर, उथळ आणि संथ पाण्यात पाय बुडवून बसलात तरी आनंद तेवढाच मिळतो.

कोकणकड्याच्या कडेपासून निदान दहा पावलं मागे थांबा. कडेचं गवत कधी कातळावर असतं, कधी हवेत. धुकं असेल तर काहीच दिसणार नाही. तेव्हा मंदिरातूनच परत फिरा. केदारेश्वराच्या गुहेत पावसाळ्यात भरपूर पाणी असतं, दारातूनच हात जोडा.

## टप्पा १० : उतरताना, आणि काही बिघडलंच तर

घसरून पडणं बहुतेक उतरताना होतं, कारण पाय थकलेले असतात आणि लक्ष गाडीकडे लागलेलं असतं. बुटांच्या नाड्या वर मंदिरापाशीच घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याची नखं जातात. गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं टाका. कातळावर बसून सरकायला लाज वाटू देऊ नका.

गारठा : एखादा सोबती कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलायला लागला, 'मला झोपू द्या' म्हणू लागला, तर तो दमलेला नाही, त्याचं अंग धोकादायक थंड झालं आहे. वाऱ्याआड न्या, ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, दोघांनी चिकटून बसा, शुद्धीत असेल तर गोड आणि कोमट पाजा. दारू अजिबात नाही. हातपाय जोरात चोळायचे नाहीत.

सर्पदंश : बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, घड्याळ, बूट काढा. हात किंवा पाय फळकुटाला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका, उचलून न्या. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. १०८ ला फोन करा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सापाच्या विषावरचं औषध आहे, हे गावात सकाळीच विचारून ठेवलेलं असावं.

वाट चुकली : थांबा, एकत्र राहा, शिट्टीचे तीन-तीन आवाज काढा. ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका. 'पाणी गावाकडे जातं' हे मैदानावर खरं आहे. सह्याद्रीत पाणी आधी कड्यावरून जातं.

फोनला रेंज असेल तिथून ११२ ला सांगा : अभयारण्याचं नाव, कोणत्या गावातून चढलात, शेवटची ओळखीची खूण, किती जण, कुणाला काय झालं. एकानेच फोन करायचा, बाकीच्यांनी आपले फोन बंद करून बॅटरी राखायची.

खाली पाचनईत पोचल्यावर थेट गाडीत बसू नका. आधी नाक्यावर जाऊन नोंदवहीतल्या नावांपुढे परतीची वेळ लिहा, नाहीतर रात्री गावातली माणसं टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला वर जातील. वाटेत दरड, पडलेलं झाड, सुटलेलं रेलिंग दिसलं असेल तर तेही तिथे सांगा, उद्या सकाळी साडेसातला पुढचा गट निघणार आहे. वर नेलेला सगळा कचरा सॅकमध्ये परत आला आहे का ते बघा. मग वाटाड्याचे पैसे द्या आणि घरी ज्याच्याकडे तो कागद आहे त्याला फोन करा.